नंबर लागेपर्यंत : पदव्युत्तर प्रवेशाच्या प्रतीक्षेतील गैरसमज आणि वस्तुस्थिती

पदवीचा निकाल हातात आला की भिवंडीतल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो : "नंबर लागला का?" शेजारी विचारतात, मामा फोनवर विचारतो, कारखान्यात वडिलांना सोबतचे कारागीर विचारतात. उत्तर देणाऱ्या मुलामुलीकडे मात्र सांगण्यासारखे काहीच नसते, कारण यादी लागलेली नसते. यंत्रमागांच्या या गावात पदवीपर्यंत पोचलेली बरीच मुले घरातली पहिलीच पदवीधर असतात. पुढची वाट सांगणारे कोणी घरात नसते, म्हणून नाक्यावर ऐकलेली माहिती खरी धरली जाते. प्रतीक्षेचा त्रास मोठा असतो हे खरेच, पण त्यातला बराचसा त्रास उशिरामुळे होत नाही, अर्धवट माहितीमुळे होतो. तो टाळता येतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. एमए, एमकॉम, एमएस्सीचे प्रवेश मुंबई विद्यापीठ आणि त्याची संलग्न महाविद्यालये मुख्यतः पदवीच्या गुणांवर, गुणवत्ता यादी लावून करतात. एमबीए, एमसीए, बीएड यांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा आणि त्यानंतर 'कॅप'च्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या असतात. डॉक्टरांच्या एमडी-एमएसला नीट-पीजी लागते. प्रत्येक रांगेचे नियम वेगळे आहेत. शेजारच्या मुलाची लिस्ट लागली आणि आपली लागली नाही, यावरून घाबरण्याआधी आपण कोणत्या रांगेत उभे आहोत ते पाहावे.

गैरसमज 1 : उशीर झाला म्हणजे आपले काम फसले.

वस्तुस्थिती : उशीर बहुतेक वेळा सगळ्यांचाच एकदम होतो आणि त्याचा तुमच्या अर्जाशी काही संबंध नसतो. भिवंडीच्या महाविद्यालयांनी हे 2017 साली जवळून पाहिले आहे. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली. लाखो उत्तरपत्रिका अडकल्या. कुलपती या नात्याने राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही हुकली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात हजारो मुलांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले, त्यात हुशार मुलेही होती.

डॉक्टरांचीही गोष्ट तीच. नीट-पीजी 2021 चे समुपदेशन आर्थिक दुर्बल घटकांच्या उत्पन्नमर्यादेच्या वादात अडकले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी 2022 मध्ये सुरू झाले. 2024 ची परीक्षा 23 जूनला होती. ती आदल्या रात्री पुढे ढकलली आणि 11 ऑगस्टला घेतली. अशा उशिरात कोणाच्याही गुणवत्तेचा निवाडा नसतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 च्या कलम 89 प्रमाणे विद्यापीठाने परीक्षा संपल्यावर शक्यतो 30 दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत निकाल लावायचा असतो. मुदत उलटली तर विचारणा करणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे.

गैरसमज 2 : पर्सेंटाइल म्हणजे टक्केच.

वस्तुस्थिती : नाही. सीईटीत 85 पर्सेंटाइल म्हणजे 85 टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर शंभरातल्या 85 जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एक लाख मुलांनी परीक्षा दिली असेल, तर 90 पर्सेंटाइलच्या पुढे साधारण दहा हजार मुले असतात. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि कुठल्या सत्राचा पेपर सोपा, कुठल्या सत्राचा अवघड निघतो, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल धरतात. घरच्यांना हे एकदा शांतपणे समजावून सांगा. "एवढे नव्वद मिळाले तरी कॉलेज का नाही?" हा प्रश्न आणि त्यातून येणारा अबोला दोन्ही टळतील.

गैरसमज 3 : मोठ्या कॉलेजचे नाव वर लिहिले तर खालचे मिळणारे कॉलेजही जाते.

वस्तुस्थिती : कॅपच्या पसंतीक्रमाबद्दलचा हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. संगणक गुणवत्ता क्रमाने एकेक उमेदवार घेतो आणि त्याची पसंती वरून खाली वाचत जातो. समजा, तुम्ही पहिले नाव मुंबईतल्या नामांकित संस्थेचे, दुसरे ठाण्यातले आणि तिसरे कल्याणजवळचे लिहिले. तुमची पाळी आली तेव्हा पहिल्या दोन ठिकाणी तुमच्या प्रवर्गाच्या जागा भरल्या असतील, तर संगणक तिसऱ्यावर येतो. तिथे जागा असेल तर ती तुमचीच. मागच्या क्रमांकाच्या मुलाने ते कॉलेज पहिल्या पसंतीला लिहिले असले, तरी तो तुमच्या पुढे जात नाही. म्हणून क्रम मनापासून लावा, अंदाज बांधून लावू नका.

काळजी दुसऱ्याच गोष्टीची घ्यायची. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती जागा आपोआप पक्की धरली जाते. त्यामुळे जिथे खरोखर जायचे नाही ते नाव वर लिहू नका. भिवंडीच्या मुलांनी नाव लिहिण्याआधी प्रवासही मोजावा. इथून मुंबईला थेट लोकल नाही. कशेळी-काल्हेरच्या कोंडीतून ठाणे गाठायचे, नाहीतर कल्याणला जाऊन गाडी पकडायची. हे दोन वर्षे रोज जमेल का, याचा विचार फॉर्म भरताना व्हायला हवा, जागा मिळाल्यावर नव्हे. एमए-एमकॉम-एमएस्सीवाल्यांनी भिवंडीतच बीएनएन कॉलेजात पदव्युत्तर वर्ग आहेत, हेही विसरू नये.

गैरसमज 4 : पहिल्या यादीत नाव नाही, म्हणजे संपले.

वस्तुस्थिती : पहिल्या यादीत वरच्या क्रमांकाच्या मुलांना एकाच वेळी अनेक ठिकाणी जागा मिळालेल्या असतात. ती एक घेतात, बाकीच्या सोडतात आणि सुटलेल्या जागा पुढच्या फेरीत येतात. कॅपमध्ये मिळालेली जागा स्वीकारून 'बेटरमेंट'चा पर्यायही घेता येतो. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली तर ती तुमची होते आणि आधीची आपोआप सुटते. मिळाली नाही तर हातातली जागा कायम राहते. मात्र दिलेल्या मुदतीत जागा स्वीकारून शुल्क भरले नाही, तर ती जागा हातची जाते.

इथे एक बारीकशी गोष्ट अनेकांना नडते. फॉर्म सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात भरला जातो आणि घाईत मोबाइल नंबर दुकानदाराचा टाकला जातो. मग ओटीपी त्याला, यादी लागल्याचा संदेशही त्यालाच. त्या दिवशी दुकान बंद असले की मुदत निघून जाते. नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि वेळापत्रकाची प्रिंट घरात भिंतीला लावा.

गैरसमज 5 : एका ठिकाणी फी भरली की पैसे आणि मूळ दाखले अडकलेच.

वस्तुस्थिती : विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2018 मध्ये याबाबत स्पष्ट अधिसूचना काढली आहे. संस्थेने मूळ प्रमाणपत्रे तपासून परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त 5000 रुपये कापून बाकी फी परत मिळते. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत 90 टक्के, अंतिम तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80 टक्के आणि 30 दिवसांपर्यंत 50 टक्के. पुढे काही नाही. आयोग काही वर्षी याहून सवलतीचा आदेशही काढतो आणि कॅपच्या वेळापत्रकात प्रवेश रद्द करण्याची वेगळी तारीख असते. ती आधी पाहा. संस्था दाद देत नसेल तर आयोगाच्या 'ई-समाधान' पोर्टलवर तक्रार करता येते. फी बुडेल या भीतीने हातची जागा सोडू नका.

गैरसमज 6 : दाखले काय, नंबर लागल्यावर काढू.

वस्तुस्थिती : नंबर लागल्यावर मिळतात मोजके दिवस आणि दाखल्यांना लागतात आठवडे. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध असावे लागते, जुने चालत नाही. जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागते. भिवंडीत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती मोठी आहे. हा समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात येतो, पण लाभासाठी कुटुंब 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुनी घरपट्टीची पावती शोधायची, आणि हे एका दिवसाचे काम नाही. प्रतीक्षेचा काळ यासाठीच आहे. 'आपले सरकार' या राज्याच्या पोर्टलवर अर्ज करा, पावती जपा. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे प्रत्येक दाखल्याला ठरलेली मुदत आहे आणि ती उलटली तर अपील करता येते.

गैरसमज 7 : ओळख असली की मागच्या दाराने जागा मिळते.

वस्तुस्थिती : लिस्ट लांबली की एजंटांचे फोन सुरू होतात. "मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो, आज पैसे भरा." खासगी व्यावसायिक संस्थांचे प्रवेश आणि फी यांसाठी राज्यात 2015 चा कायदा आहे. संस्था पातळीवरच्या जागांनाही जाहिरात आणि गुणवत्ता यादी लागते. प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता मिळाली नाही तर तो प्रवेश टिकत नाही. फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि देणगी घेण्यावर महाराष्ट्रात 1987 पासून बंदी आहे. एजंटाच्या हातात पैसे देणे म्हणजे पावती नसलेला व्यवहार. बुडाला तर मागायला जागा नाही.

गैरसमज 8 : काळजी करायचीच नाही, पॉझिटिव्ह राहायचे.

वस्तुस्थिती : सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण तो जमत नाही म्हणून मुले स्वतःलाच दोष देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या 230 पदवीधरांचा अभ्यास केला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. काळजी दाबून टाकण्याचे बहुतेक उपाय फारसे उपयोगी पडले नाहीत. उलट ज्यांना वाट पाहताना जास्त धाकधूक वाटली, त्यांनी वाईट निकाल अधिक नीट पेलला आणि चांगला निकाल आला तेव्हा त्यांना आनंदही जास्त झाला. काळजी वाटणे हा तुमचा कमकुवतपणा नाही.

त्यांच्याच पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मन पूर्ण रमेल अशा कामात बुडालेल्या माणसांना वाट पाहणे तुलनेने सुसह्य जाते. ते काम फार सोपे नको, फार अवघडही नको. गोदामातला हिशेब, लहान मुलांची शिकवणी, क्रिकेट, संगणकाचा नवा कोर्स, शिवणकाम, काहीही चालेल. दर दहा मिनिटांनी संकेतस्थळ उघडण्याऐवजी दिवसातून दोन वेळा ठरवून पाहा. मात्र झोप उडाली, जेवण सुटले, जगणे नकोसे वाटू लागले, तर ती नुसती धाकधूक उरत नाही. 14416 या टेलि-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीतही बोलता येते. लगेच फोन करा, घरात कोणाला तरी सांगा.

गैरसमज 9 : यंदा नाही झाले तर वर्ष वाया.

वस्तुस्थिती : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1917 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, कारण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली. मधल्या काळात 1918 ते 1920 मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे जमवले, 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले, 1921 मध्ये एमएस्सी आणि 1923 मध्ये डीएस्सी मिळवली. थांबणे आणि सोडून देणे यांत फरक आहे, आणि तो फरक मधल्या काळात काय केले यावरून ठरतो.

आज मार्गही जास्त आहेत. इग्नूमध्ये जुलैप्रमाणे जानेवारीतही प्रवेश होतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षणही आहे. नोकरी करत शिकता येते.

मुलींच्या बाबतीत मात्र थांबण्याचा अर्थ घरात वेगळा लावला जातो. "आता बसलीच आहे तर स्थळं बघू." यादी लांबली हा मुलीचा निर्णय नव्हता, त्यामुळे तिच्या शिक्षणाचा निर्णय त्या उशिरावर सोपवणे अन्यायाचे आहे. आईवडिलांनी एवढे तरी करावे : शेवटची फेरी संपेपर्यंत दुसरा विषय काढू नये, आणि "नंबर लागला का?" असे रोज विचारण्याऐवजी "कुठला कागद राहिलाय का, मी येऊ का सोबत?" असे विचारावे. ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, तिथल्या मुलाला आणि मुलीला वाट पाहणे एकट्याने सोसावे लागत नाही.