विषाणूला कात्री पुरविणारे जनुक

पुणे - स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तो पुण्यात, ३ ऑगस्ट २००९ रोजी. त्यानंतर शहरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. विषाणू एकच होता. तरीही बहुतेक रुग्ण साध्या तापावर निभावले, तर काहींची फुफ्फुसे निकामी झाली. वय, जुने आजार आणि उपचारांतील विलंब ही त्याची परिचित कारणे. त्यांच्या जोडीला शरीराच्या घडणीतील एका जनुकाचाही विचार करावा लागतो.

'टीएमपीआरएसएस-२' हे ते जनुक. माणसाच्या २१व्या गुणसूत्रावरील हे जनुक प्रथिने कापणारे एक विकर, म्हणजेच एन्झाइम, तयार करते. श्वसनमार्गातील पेशींच्या पृष्ठभागावर हे विकर असते.

फ्लूच्या विषाणूवरील हिमॅग्लुटिनीन हे प्रथिन सुरुवातीला अखंड असते. ते ठरावीक जागी कापले गेले नाही, तर विषाणू पेशीला चिकटतो. पण त्याला आपला जनुकीय ऐवज आत सोडता येत नाही. विषाणूकडे स्वतःची कात्री नसते. ती यजमानाचे शरीरच पुरविते! हे विकर ते काम करते, असे २००६ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या फुफ्फुसांत एच१एन१ विषाणू फारसा पसरू शकला नाही, असे २०१३ मध्ये आढळले. हे विकर अधिक प्रमाणात तयार करणारा जनुकाचा प्रकार आणि गंभीर स्वाइन फ्लू यांचा संबंधही २०१५ मध्ये नोंदविला गेला.

राज्यातील पहिले करोनाबाधित ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. त्या विषाणूचे काटेरी प्रथिनही हेच विकर कापते. साहजिकच, ही कात्री बोथट करण्याची कल्पना पुढे आली. जपानमध्ये स्वादुपिंडाच्या विकारावर दिले जाणारे कॅमोस्टॅट हे औषध प्रयोगशाळेत प्रभावी ठरले. मात्र रुग्णांवरील चाचण्यांत अपेक्षित लाभ दिसला नाही. पुढे २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमिक्रॉनचे या विकरावरील अवलंबित्व कमी झाल्याचे आढळले; तो पेशीत शिरण्यासाठी दुसऱ्या मार्गाचा अधिक वापर करू लागला.

शरीरातील कात्री बदलत नाही, विषाणू मात्र बदलतो. त्यामुळे लस आणि वेळेवर उपचार यांना आजही पर्याय नाही.