दाराबाहेरचा चोखोबा
(लेखमाला : संतांचा गोतावळा, लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण नामदेवांच्या भोवतीची मंडळी पाहिली. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणारी जनाबाई. कीर्तनकार ही नावं एका दमात घेतात आणि ऐकणाऱ्याला भरून येतं. त्यातलं एक नाव मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. चोखामेळा.

चोखोबा मंगळवेढ्याचे, जातीने महार. मंगळवेढ्याहून पंढरपूर काही लांब नाही, पण तिथे पोहोचूनही त्यांना महाद्वाराबाहेरच उभं राहावं लागे. आत जाता येत नसल्यामुळेच की काय, विठ्ठलच त्यांच्याकडे जातो, अशा गोष्टी वारकऱ्यांनी रचल्या. तो चोखोबांबरोबर मेलेली ढोरं ओढतो. चोखोबांची बायको सोयराबाई हिच्या बाळंतपणात नणंदेचं रूप घेऊन राबतो. त्यांच्या पंगतीला जेवायला बसतो. ही जेवणाची गोष्ट तर फारच प्रसिद्ध. वाढताना सोयराबाईच्या हातून दही सांडतं, ते देवाच्या पितांबरावर पडतं. चोखोबा बायकोला काही बोलतात, ते वाटेने जाणारा बडवा, म्हणजे मंदिराचा पुजारी, ऐकतो आणि देवाचं नाव घेऊन सोंग करतोस काय, म्हणून त्यांच्या थोबाडीत मारतो. तो मंदिरात परततो तर मूर्तीचा गाल सुजलेला आणि पितांबर दह्याने माखलेला.

गोष्ट सुंदर आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे जरा सावधपणे पाहावं असं मला वाटतं. काही कथनांत बडव्याला पश्चात्ताप होतो, तो चोखोबांचा हात धरून त्यांना आत नेतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच दाराशी दुसरा कुणी महार आला असता तर? कथा तिथवर जात नाही. तिच्यातली सगळी करुणा देवाने करायची आहे. ऐकणाऱ्याने डोळे पुसायचे, घरी जायचं, विहिरीवरचा नियम तसाच.

चोखोबांच्या घरच्यांना हे कळत होतं. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा हे सगळेच अभंग रचणारे. सोयराबाई देहाच्या विटाळाचा मुद्दाच उचलते : विटाळ नसलेला देह आणायचा कुठून? कर्ममेळ्याचा आवाज सर्वांत रोखठोक आहे. हीन जात दिलीस, उष्टं खायला लावलंस, हे तुला कसं कळत नाही, असा त्याचा देवालाच जाब आहे. बाप सोसतो, मुलगा विचारतो. संतांच्या समतेबद्दल बोलताना कर्ममेळ्याला वगळणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत.

१३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चाललं असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. वेठीला जुंपलेला माणूस होता तो. ढिगाऱ्यातून ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती नामदेवांनी ओळखून उचलली, अशी कथा आहे. नामदेवांनी त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर बांधली. नामदेव स्वतः पायरीखाली, चोखोबा तिच्यासमोर. मेल्यावरही बाहेरच.

दार उघडायला १९४७ उजाडावं लागलं. मधली सहाशे नऊ वर्षं दिंड्या त्याच समाधीवरून आत जात राहिल्या, चोखोबांचे अभंग गात. दार उघडायला लावलं साने गुरुजींनी. १९४६च्या कार्तिकी एकादशीलाच ते उपोषणाला बसणार होते. सेनापती बापटांनी त्यांना थांबवलं आणि आधी लोकांकडे जायला सांगितलं. मग गुरुजींनी महाराष्ट्र पालथा घातला. गावोगावच्या विहिरी आणि देवळं खुली झाली, पंढरपूर हटलं नाही. १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. उपोषण थांबवा, अशी गांधीजींची तार आली, तरी गुरुजी मागे हटले नाहीत. मावळंकरांनी मध्यस्थी केली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. गुरुजी स्वभावाने कमालीचे हळवे, पण इथे त्यांनी कुणाच्या हळवेपणावर विसंबायचं नाकारलं. त्यांना दयेचा दाखला नको होता, दार हवं होतं.

एव्हाना पुष्कळांचा धीर संपला होता. हिंदू म्हणून मरणार नाही, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ सालीच येवल्याला जाहीर केलं होतं. तरीही १९४८ सालचं ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. मंदिर सोडून निघालेल्या माणसाने मंदिराबाहेरच्या संताची आठवण ठेवली.

दार उघडलं म्हणून पंगत एक झाली असंही नाही. इरावती कर्वे वारीला गेल्या तेव्हा त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या चुली वेगळ्या होत्या. ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी हे लपवलेलं नाही. दिवसभर एकमेकींच्या पाया पडायचं, एकमेकींना माउली म्हणायचं, आणि संध्याकाळी पातेली वेगळी. गाभाऱ्यातला कारभारही लवकर बदलला नाही. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा १९७३ चा, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब २०१४ चं. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेतल्या.

पुढच्या लेखांकात कान्होपात्रा. तीही मंगळवेढ्याचीच, गणिकेची मुलगी. तिची समाधी मात्र मंदिराच्या आवारात आहे. ती आत कशी गेली आणि चोखोबा बाहेर का राहिले, तिथून सुरुवात करू.