होडीची गेलेली झळाळी

जुन्या फायबरच्या होडीवर तळहात फिरवा. खडूसारखी भुकटी हाताला लागते. ती जेलकोटची. पॉलिएस्टर रेझिनचा हा रंगीत थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. उन्हातले अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यावर पडणारा प्रकाश विखुरतो. म्हणून होडी निस्तेज दिसते. तिथे पाणी मारून पाहा. ओलेपणी रंग खुलला, तर बहुधा घासून काम भागेल. आधी साबणाने मीठ धुवायचे, मग रबिंग कंपाउंडने मेलेला थर उतरवायचा, शेवटी मेण. भुकटीवरच मेण चोपडणे व्यर्थ. ते टिकत नाही. मात्र घासताना हात आवरा. दर वेळी जेलकोट पातळ होतो, आणि गेलेला थर कुठल्याही पॉलिशने परत येत नाही.