वाऱ्याचा पीळ

विज्ञानशिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने उंच इमारतींचा विषय निवडावा, याचे श्रोत्यांस नवल वाटेल. मला या विषयाकडे ‘पीळ’ या शब्दाने ओढले. वाऱ्याने झाड वाकते, हे आपण नित्य पाहतो. परंतु वारा साठ मजली इमारतीला पिळतोही, हे सहसा ध्यानी येत नाही.

दाराचे उदाहरण घ्या. बिजागरीजवळ कितीही रेटा, दार हलत नाही. कडीजवळ बोट लावताच फिरते. इमारतीच्या सांगाड्यालाही ताठरपणाचा एक मध्य असतो. वाऱ्याचा एकूण रेटा त्या मध्यातून गेला तर इमारत नुसती झुकते. बाजूने गेला तर झुकता झुकता स्वतःभोवती फिरू पाहते. शिवाय कोपऱ्यांवरून सुटणारे भोवरे तिला आळीपाळीने दोन्ही अंगांस ओढतात. त्या ओढीचा ताल इमारतीच्या स्वतःच्या तालाशी जुळला की हेलकावे वाढतात. झोपाळ्यावर बसलेल्यास हे निराळे सांगावयास नको. ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर वर जाता जाता सुमारे १२० अंशांनी फिरवला आहे, तो या भोवऱ्यांची संगती मोडावी म्हणून.

एक पोस्टकार्ड गुंडाळून त्याच्या कडा डिंकाने चिकटवा आणि ती नळी पिळून पाहा. ती दाद देत नाही. तीच उभी चिरली तर दोन बोटांनी पिळते. म्हणूनच अभियंते लिफ्ट व जिन्यांभोवती भिंतींची बंद पेटी उभारतात, किंवा बाहेरचा सांगाडाच नळीसारखा करतात.

या शास्त्राची खरी कसोटी बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरने पाहिली. आय. एम. पेई यांच्या संस्थेतील हेन्री कॉब यांनी रचलेली ही ६० मजली, २४१ मीटरची वास्तू. आकार लांबट, चपटा, समांतरभुज चौकोनाचा. जानेवारी १९७३ च्या वादळात तिच्या काचा निखळू लागल्या. दोष वाऱ्याला देणे सोपे होते. प्रत्यक्षात जोडकाचेच्या दोन तावांमधला शिशाचा सांधा फाजील ताठ निघाला, आणि सर्व १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या.

डोलण्याचा व पिळाचा प्रश्न स्वतंत्रच होता. वरच्या मजल्यांवर माणसांना भोवळ येण्याइतका. विल्यम लमेझ्युरिए यांनी ५८ व्या मजल्यावर, दोन टोकांना, प्रत्येकी ३०० टनांची दोन वजने तेलाच्या पातळ थरावर ठेवली आणि स्प्रिंगांनी सांगाड्याशी जोडली. इमारत सरकते, जड वजन मागे रेंगाळते आणि स्प्रिंग तिला मागे खेचते. इमारत डोलली तर दोन्ही वजने एकाच दिशेने काम करतात. पिळली तर परस्परविरुद्ध दिशांनी. ही योजना मला विलक्षण सुंदर वाटते.

तथापि मोठा धोका दिसत नव्हता. झुरिचचे ब्रुनो थुर्लिमान यांनी गणिते तपासली, तेव्हा विशिष्ट वाऱ्यात ही इमारत रुंद अंगावर नव्हे, तर अरुंद कडेवर कोसळू शकते, असे निष्पन्न झाले. उभे ठेवलेले पुस्तक पानांच्या अंगाला न कलंडता कण्याच्या दिशेने पडावे, तसे! झुकलेल्या इमारतीचे स्वतःचे वजनच तिला आणखी झुकवते, हे त्यामागचे कारण. मग सुमारे १,५०० टन पोलादाचे तिरपे आधार आत बसवले गेले आणि १९७६ मध्ये वास्तू खुली झाली. आज तिचे नाव २०० क्लॅरेंडन स्ट्रीट असे आहे. ते आधार बाहेरून कोणास दिसत नाहीत.