उसात सापडलेली पिल्लं पोरकी नसतात

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीकडच्या मोबाईलवर एक फोटो हमखास फिरतो. पाचटात बसलेली दोन पिल्लं आणि खाली मजकूर : ‘बिबट्याची पिल्लं सापडली, आई जवळच आहे, सावध राहा.’ संध्याकाळपर्यंत तोच फोटो चार तालुक्यांतल्या दहा गावांचा होतो.

मुळात ती पिल्लं बिबट्याचीच असतील असं नाही. उसात रानमांजर वितं आणि वाघाटीही. वाघाटी तर जगातल्या सगळ्यांत लहान रानटी मांजरांपैकी एक, पण तिच्या अंगावरचे ठिपके पाहून भलेभले फसतात. बिबट्याचं पिल्लू राखाडी झाक असलेलं, दाट ठिपक्यांचं, आणि अंगाच्या मानाने पंजे जाडजूड. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर फिकट पट्टे असतात. शंका असली तर ओळखायचं काम वनरक्षकावर सोडावं.

समजा, बिबट्याचीच निघाली. मग लगेच ‘आई टाकून गेली’ हा निष्कर्ष. मादी एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्लं घालते, त्यांना दाट आडोशाला ठेवून शिकारीला जाते आणि धोका वाटला की एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते. कोयत्यांचा आवाज फडाच्या या टोकाला आला की ती बाजूला होते, इतकंच. अशा वेळी कुणी कळवळून पिल्लांना गाईचं दूध पाजतं, कुणी मांडीवर घेऊन सेल्फी काढतं. दोन्ही वाईट.

जुन्नर, नाशिक, अहिल्यानगर या भागांत वनखात्याने यावर बसवलेली पद्धत साधी आहे. पशुवैद्य पिल्लांची तपासणी करतात, बऱ्याचदा कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळख-चिप बसवतात. अंधार पडताना पिल्लं सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, शेजारी ट्रॅप कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जातात. रात्री मादी येते, क्रेट पाडते आणि पिल्लं घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. अडचण येते ती माणसांच्या बाजूने : तेवढ्या तुकड्यातली तोडणी थांबवावी लागते. टोळीने उचल घेतलेली, कारखान्याची गाडी उभी, आणि मुकादमाला एक दिवसही जड. या खोळंब्याचा विचार कुणीतरी करायला हवा. नुसतं ‘वन्यजीव वाचवा’ म्हणून भागत नाही.

‘जंगल तुटलं म्हणून बिबट्या गावात आला’ हे वाक्य जालन्यात तर विचित्रच वाटतं. इथं जंगल नावालाच. जवळचं मोठं अभयारण्य म्हणजे कन्नडकडचं गौताळा-औट्रमघाट. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने गोदाकाठी ऊस वाढवला. उसात आडोसा, कडेला पाणी, वस्तीवर कुत्री, डुकरं, शेळ्या. उसात जन्मलेल्या पिल्लाला तेच घर. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले भागातल्या शेतीत कॅमेरे लावले, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले, आणि तिथं दर चौरस किलोमीटरला माणसं तीनशेच्या वर. बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता.

‘मग पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा.’ हे करून झालंय. जुन्नरमध्ये 2001 ते 2003 या काळात धरलेले बिबटे दुसऱ्या जंगलांत सोडले गेले आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. ‘वनखात्यानेच आणून सोडले’ ही अफवा गावोगाव टिकून आहे, त्यामागे अशा जुन्या सोडासोडीची आठवण असावी. पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला 2009 मध्ये कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, तर तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. वाटेत कुणाला ओरखडाही नाही. शिवाय धरलेल्याची जागा मोकळी राहत नाही. दुसरा येतो, आणि तो त्या भागाला नवखा असतो.

‘तिघांची टोळी फिरते’ हे मात्र खरं असू शकतं, फक्त ती टोळी नसते. पिल्लं दीड-दोन वर्षं आईसोबत राहतात आणि शेवटीशेवटी अंगाने तिच्याएवढी दिसतात. किती बिबटे हे ठिपक्यांवरून ठरतं : प्रत्येकाची नक्षी वेगळी, डाव्या कुशीची वेगळी, उजव्या कुशीची वेगळी. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावतात. 2022 च्या अंदाजात देशात 13,874 आणि महाराष्ट्रात 1,985 बिबटे आले, पण ती मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलांतली. उसातल्या बिबट्यांचा हिशोब त्यात शोधू नये.

कालव्याच्या धुळीत ठसा दिसला तर आधी नखं बघा. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात ती उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. शेजारी काडेपेटी ठेवून वरून फोटो काढा, ठशावर टोपलं पालथं घाला आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.