गारांचा पूर

गारपीट म्हटली की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे भुईसपाट झालेली शेते येतात. सन २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस व मार्च महिन्यात महाराष्ट्रातील गहू, हरभरा, ज्वारी व द्राक्षबागा यांची गारांनी जी दैना केली, ती अनेक घरे अद्याप विसरलेली नाहीत. परंतु गारपिटीमुळे भर शहरात पूर यावा, आणि तोही बर्फाचा, हे पुष्कळांस नवल वाटेल. म्हणून मेक्सिको देशातील एका शहराची हकीकत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

हालिस्को राज्याची राजधानी ग्वादलहारा ही समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर वसलेली आहे. ता. ३० जून २०१९ रोजी, ऐन उन्हाळ्यात, तेथे पहाटे भयंकर गारपीट झाली. उजाडल्यावर लोक पाहतात तो काही रस्त्यांवर दीड मीटरपर्यंत बर्फ! मोटारी त्यात रुतल्या, कित्येक वाहत गेल्या. बर्फ उपसण्यास सैनिक व यंत्रे लावावी लागली.

एवढा थर आकाशातून सरळ पडला काय? मुळीच नाही. गडगडाटी ढगात वर चढणारा वारा पाण्याचे थेंब शून्य अंशाखालील थंडीत नेतो. तेथे ते गोठतात, त्यांवर आणखी पाणी गोठत जाते, आणि वाऱ्यास भार पेलेनासा झाला की गार खाली येते. येथवरचे काम ढगाचे. दीड मीटरचे ढीग रचले ते पाण्याने. बर्फाचे वजन तेवढ्याच पाण्याच्या सुमारे नऊ-दशांश असते. म्हणून गारा तरंगत उताराने सखल भागी जातात व गटारांच्या तोंडाशी अशी दाटी करतात की पाण्यास वाटच उरत नाही. मागचे पाणी तुंबते, सोबत आणखी गारा आणते, आणि थर चढतच जातो. शेतातील माती निदान काही पाणी पिते. डांबर व काँक्रीट थेंबही पीत नाहीत. (अंगणे फरसबंद करण्याची हौस आमच्याकडेही वाढली आहे, हे जाता जाता सांगणे भाग आहे.)

गारा थांबताच मुले त्या वेचण्यास धावतात, आणि पालक कौतुकाने पाहतात. परंतु खरा धोका त्यानंतरच असतो. ढीग वितळून पाणी वाढत राहते, आणि बर्फाखालचा खड्डा अथवा उघडे गटार दिसत नाही.

ग्वादलहारात सुदैवाने मनुष्यहानी झाल्याचे वृत्त नव्हते. दोघांस मात्र अतिथंडीची बाधा जाणवली. सुमारे दोनशे घरे व दुकाने यांचे नुकसान झाले.