घरोघरी जहाजाचा वाटा

एकोणिसाव्या शतकात दक्षिण नॉर्वेतल्या आरेंडाल किंवा ग्रिमस्टाडसारख्या बंदरात नवं जहाज बांधायचं ठरलं, की त्याच्या मालकीचे वाटे पडत. रान ज्याचं असे तो लाकूड देऊन वाटा घेई. दोरखंड वळणारा, शिडं शिवणारा, लोहार हे मजुरीच्या बदल्यात घेत आणि कप्तान स्वतःची शिल्लक घाली. किनाऱ्यालगतचे शेतकरीही त्यात असत. फेरी पार पडली की नफा वाट्याप्रमाणे घरोघरी पोहोचे. जहाज बुडालं तर तोटाही तसाच. म्हणून जाणता माणूस एकाच जहाजावर विसंबत नसे, चार जहाजांत थोडं थोडं ठेवी.

१८७५च्या जनगणनेत जेमतेम १८ लाख माणसं भरलेल्या या देशाचा व्यापारी ताफा १८८०च्या सुमारास ब्रिटन आणि अमेरिकेच्या खालोखाल, जगात तिसरा होता. माझ्या मते त्याचं मूळ या वाटेदारीत आहे.

संधी मात्र बाहेरून आली. १८४९मध्ये ब्रिटनने आपले जुने नौकानयन कायदे रद्द केले आणि वसाहतींचा माल ब्रिटनला नेण्याची मुभा परक्या जहाजांनाही मिळाली. नॉर्वेची जहाजं अमेरिकेला निघालेल्या देशांतरितांना क्वेबेकला उतरवू लागली आणि तिथलं इमारती लाकूड भरून ब्रिटिश बंदरांत आणू लागली. जाताना माणसं, येताना लाकूड. दोन्ही वेळा भाडं.

पुढे आगबोटी आल्या, १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि इथेच गाडं अडलं. लोखंडी आगबोटीला लागणारं भांडवल लोहाराच्या मजुरीतून उभं राहत नाही. वारा फुकट होता, कोळसा परदेशातून आणावा लागे. मग इतरांनी विकायला काढलेली शिडाची जहाजं नॉर्वेचे लोक स्वस्तात घेत राहिले. त्यांतली काही फार जुनी होती, आणि त्यांची किंमत खलाशांनी जिवाने मोजली. ग्रिमस्टाडला औषधांच्या दुकानात उमेदवारी केलेल्या, मराठी रंगभूमीलाही परिचित असलेल्या इब्सेनने १८७७च्या 'समाजाचे आधारस्तंभ' या नाटकात असाच एक प्रतिष्ठित जहाजमालक उभा केला आहे. धड दुरुस्त न झालेलं जहाज तो समुद्रात जाऊ देतो. १८८६मध्ये आरेंडालची बँक कोसळली तेव्हा त्या गावातल्या कित्येक घरांची पुंजी गेली.

तरी समुद्र सुटला नाही. आणि ज्या देशाची इतकी माणसं दूरच्या बंदरांत, त्याला स्वतःचे वाणिज्यदूतही नव्हते. १८१४पासून नॉर्वे आणि स्वीडन एका राजाखाली होते. परराष्ट्र खातं स्टॉकहोममध्ये. परक्या बंदरात जहाज अडकलं किंवा खलाशी आजारी पडला, तर दाद मागायची ती त्या खात्याच्या दूताकडे. घरोघरी वाटा असलेल्या किनाऱ्याला हे किती बोचलं असेल, ते समजू शकतं. अखेर १९०५मध्ये नॉर्वेच्या संसदेने स्वतंत्र वाणिज्यदूतांचा कायदा केला. राजा दुसरा ऑस्कर याने त्याला संमती नाकारली, आणि ७ जूनला संसदेने स्वीडनशी असलेला संयोगच संपल्याचं जाहीर केलं.